जिल्ह्याचा टीबी कार्यक्रम नीट चालतोय की नाही, हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी बरीच वर्षं टीबीचा उपचार पर्यवेक्षक होतो. खात्यात या पदाला एसटीएस म्हणतात. काम सोडलं तरी फोन येत राहतात. सरपंच विचारतात, तालुक्याचे वार्ताहर विचारतात, उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेली मुलं-मुली विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

जिल्ह्याचा टीबी कार्यक्रम तपासायचा म्हणजे नेमकं काय तपासायचं?

खोकला सुरू झालेल्या माणसाला धरा आणि तो बरा होऊन वर्षभर ठणठणीत राहीपर्यंत त्याच्या मागे चला. तो दवाखान्यात पोचला का? तिथे कुणी बेडका तपासायला सांगितला का? रिपोर्ट त्याच्या हातात पडला का? गोळ्या सुरू झाल्या का, पुऱ्या झाल्या का, आणि पुढच्या वर्षभरात आजार उलटला का? प्रत्येक पायरीवर काही माणसं गळतात. गळती कोणत्या पायरीवर जास्त आहे आणि ती दरवर्षी कमी होतेय का, एवढं सांगता आलं की मूल्यमापन झालं.

ही गळती किती मोठी असू शकते? देशातल्या सरकारी व्यवस्थेबद्दल २०१३ सालच्या आकड्यांवरून एक अंदाज काढला होता. दर १०० रुग्णांमागे ७२ तपासणीपर्यंत पोचले, ६० जणांचं निदान झालं, ५३ जणांची उपचारासाठी नोंद झाली, ४५ जणांचे उपचार पुरे झाले आणि वर्षभर आजार न उलटता ३९ जण जगले. त्याच काळात आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात यशाचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर असायचं. दोन्ही आकडे खरे होते. तक्ता मोजायला सुरुवात करायचा ती नोंद झाल्यापासून, त्याआधी गळालेले ४७ जण त्यात नव्हतेच.

आमच्या तालुक्यात यंदा रुग्ण वाढले. म्हणजे कार्यक्रम फसला ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि याच्या चुकीच्या उत्तरापायी चांगलं काम करणाऱ्या माणसांना बोलणी खाताना मी पाहिलं आहे.

‘रुग्ण वाढले’ म्हणजे ‘सापडलेले रुग्ण वाढले’. गावात टीबी किती आहे आणि त्यातला किती आपल्याला दिसला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं. पंधरा वर्षांवरच्या लोकांत दर लाखामागे ३१६ जणांना फुफ्फुसाचा टीबी असल्याचं थुंकीच्या तपासणीतून पक्कं झालं. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेही उपचाराला गेले नव्हते. छातीचे एक्स-रे काढले नसते, तर जे रुग्ण मिळाले त्यातले ४२.६ टक्के हातून निसटले असते. नुसतं ‘खोकला आहे का?’ विचारत फिरलं, तर इतके रुग्ण मागे राहतात.

म्हणून रुग्णसंख्येच्या शेजारी आणखी दोन आकडे मागा: किती जणांची तपासणी केली, आणि तपासलेल्यांत किती टक्के पॉझिटिव्ह निघाले. समजा, दोन लाख वस्तीचे दोन तालुके आहेत. पहिल्याने वर्षात १,२०० जण तपासले, ९६ पॉझिटिव्ह मिळाले, म्हणजे ८ टक्के. दुसऱ्याने ६,००० तपासले, १८० मिळाले, म्हणजे ३ टक्के. वर्तमानपत्रात दुसरा तालुका ‘टीबीचा हॉटस्पॉट’ म्हणून झळकेल. मला काळजी पहिल्याची वाटते. तिथे अगदी खंगलेला, रक्त पडायला लागलेला माणूसच प्रयोगशाळेपर्यंत पोचतोय, आणि तोवर तो घरात आणि शेजारात आजार वाटत बसलाय.

शोधमोहीम घेतली की आकडा आधी वर जातो. ७ डिसेंबर २०२४ पासून देशातल्या ३४७ जिल्ह्यांत १०० दिवसांची मोहीम झाली. त्या महिन्यांची तुलना आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी करून ‘साथ पसरली’ म्हणणं चूक आहे. तपासणी वर्षानुवर्षं भरपूर राहिली, पॉझिटिव्हचं प्रमाण हळूहळू उतरत गेलं आणि मग रुग्णसंख्याही उतरली, तर रोग मागे हटतोय असं म्हणता येईल. लहान मुलांतला टीबीही बघावा. मुलाला लागण झाली ती अलीकडेच, आणि बहुतेक वेळा जवळच्याच मोठ्या माणसाकडून.

तपासण्यांचा आकडा फुगवता येत नाही का?

येतो. खोकला नसलेल्या माणसाच्या हातात डबी दिली की तो लाळ देतो, बेडका देत नाही. डबीत पाण्यासारखं पातळ, फेसाळ काही असेल तर ती लाळ. बेडका घट्ट असतो, पिवळसर असतो, डबी तिरकी केली तर सावकाश सरकतो. चांगला तंत्रज्ञ नमुन्याचा दर्जा नोंदवतो आणि लाळ असेल तर परत मागतो. पॉझिटिव्हचं प्रमाण अचानक अर्ध्या टक्क्यावर आलं, तर मी आधी डब्या बघायला जायचो.

तपासणी कशावर होते हेही विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला ते बरेच असावे लागतात. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रं थोडेसे जंतूही पकडतात आणि रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतात. ट्रूनॅट गोव्यात मुख्यालय असलेल्या कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं. पण चाचणीसाठी लागणारी चिप संपली की ते कपाटासारखं उभं राहतं. यंत्रं किती आहेत यापेक्षा गेल्या महिन्यात किती दिवस चालली, हे विचारा.

उपचारांच्या यशाचं प्रमाण ९० टक्के असेल तर आणखी काय हवं?

भाजक बघा. २०० जणांचं निदान झालं, १७० जणांवर उपचार सुरू झाले, १५३ जणांचे यशस्वी झाले. १७० ने भागलं तर ९० टक्के, २०० ने भागलं तर साडेशहात्तर. मधले ३० जण कुठे गेले? कुणी चुकीचा पत्ता लिहिला, कुणी दुसऱ्या जिल्ह्यातून तपासायला आला होता, कुणी रिपोर्ट न्यायच्या आधीच वारला.

पूर्वी या कार्यक्रमाचं उद्दिष्टच ‘७० टक्के रुग्ण शोधा, ८५ टक्के बरे करा’ असं होतं. त्यातला ८५ चा आकडा आमच्या पिढीच्या हाडात मुरला. ८४ आले की वरून फोन यायचा. अशा दबावाखाली माणूस काय करतो, ते मी जवळून पाहिलंय: पळून जाईल असं वाटणाऱ्याची, दारू पिणाऱ्याची, फिरस्त्याची नोंद लांबवली जाते. ज्याला उपचाराची सगळ्यात जास्त गरज असते, तोच त्या आकड्याला नकोसा होतो.

‘बरा झाला’ आणि ‘उपचार पूर्ण झाले’ या दोन शेऱ्यांतही फरक आहे. पहिल्यासाठी शेवटी बेडका तपासून जंतू नसल्याचं पाहावं लागतं. दुसऱ्यात गोळ्या संपल्याची नोंद असते. यादीत दुसरेच जास्त असतील, तर सहाव्या महिन्याचे नमुने घेतले जात नाहीत. आणि हे निकाल उशिरा येतात हेही ध्यानात ठेवा. या वर्षी सुरू झालेल्या रुग्णांचा निकाल साधारण पुढच्या वर्षी कळतो, म्हणून यंदाच्या यशाच्या टक्केवारीवरून यंदा आलेल्या अधिकाऱ्याची पाठ थोपटायला किंवा त्याला झापायला जाऊ नये.

ऊसतोडीला गेलेल्या रुग्णांचं काय होतं?

मराठवाड्यातल्या कार्यक्रमाची खरी परीक्षा इथे होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे आजार असला तरी जावंच लागतं. सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, पलीकडे कर्नाटक. परत येणं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात. सहा महिन्यांचे उपचार आणि साधारण तेवढाच गाळप हंगाम. ऑगस्ट-सप्टेंबरात निदान झालेला माणूस अर्ध्या उपचारांत घर सोडतो.

अशा एका जोडीचं कार्ड मला अजून आठवतं. बाईला टीबी होता, दोन महिने गोळ्या झाल्या होत्या, खोकला थांबला होता. मी दोन महिन्यांच्या पट्ट्या बांधून दिल्या आणि कारखान्याचं नाव कार्डावर लिहून घेतलं. महिन्याने फोन केला तर टोळी दुसऱ्याच कारखान्याच्या हद्दीत गेली होती. तिथल्या केंद्रावर ती एकदा गेली होती. ‘तुमचं नाव इथे नाही’ म्हणून तिला परत पाठवलं. दिवसाची मजुरी बुडाली, म्हणून ती पुन्हा गेली नाही. उन्हाळ्यात परत आली तेव्हा वजन उतरलं होतं आणि बेडक्यात पुन्हा जंतू होते. आमच्या नोंदीत तिच्यापुढे ‘उपचार सोडले’ असा शेरा होता. सलग महिनाभर गोळ्या बंद राहिल्या की तसाच लिहितात. माझ्या मते त्या बाईने काही सोडलं नव्हतं.

आता निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर एका क्लिकवर रुग्ण दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतो. त्यामुळे मूल्यमापनात विचारायचं ते असं: वर्ग केलेल्या रुग्णांपैकी किती जणांना पलीकडच्या केंद्राने स्वीकारलं, आणि किती दिवसांत पुढची पट्टी मिळाली? ज्या जिल्ह्यात कारखाने आहेत, त्याने हंगामात फडावरच्या झोपड्यांत जाऊन तपासणी केली का? हे रुग्ण पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही जिल्ह्यांच्या खात्यावर मोजले पाहिजेत. आज पलीकडच्या जिल्ह्याला ते परके वाटतात. भिवंडीचे यंत्रमाग, वीटभट्ट्या, खडीच्या खाणी, सगळीकडे हीच गोष्ट आहे.

खाजगी डॉक्टरांकडचे रुग्ण मोजले जातात का?

मोजले गेलेच पाहिजेत. मे २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची सरकारला माहिती देणं डॉक्टर, रुग्णालय आणि प्रयोगशाळांवर बंधनकारक आहे. २०१८ च्या अधिसूचनेने औषध दुकानंही त्यात आली आणि माहिती दडवली तर शिक्षेची तरतूद झाली. २०१४ मधल्या औषधविक्रीच्या आकड्यांवरून केलेल्या अंदाजानुसार, त्या वर्षी देशात साधारण २२ लाख रुग्ण खाजगीत उपचार घेत होते. सरकारी वहीत त्यातले फार थोडे होते.

पडताळणीचा एक सोपा मार्ग आहे. टीबीची औषधं एच-१ अनुसूचीत येतात, म्हणून दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. ती वही आणि निक्षयवरची यादी शेजारी ठेवली की फरक दिसतो. मात्र खाजगी रुग्णाचं नुसतं नाव चढवून भागत नाही. त्याचा उपचारांचा निकाल काय झाला, घरच्यांची तपासणी झाली का, हे रकाने कोरे असतील तर ती नोंदणी फक्त लक्ष्य पुरं करण्यासाठी झाली.

मुंबईसारख्या शहरात आणखी एक घोळ होतो. पालिकेने टीबीसाठी शहराचे २४ जिल्हे पाडले आहेत. मोठी रुग्णालयं काहीच भागांत आहेत आणि रुग्ण पार विरार-कल्याणहून येतात. रुग्ण कुठे राहतो यानुसार मोजलं नाही, तर रुग्णालयाचा भाग उगाच बदनाम होतो आणि रुग्णाची वस्ती नामानिराळी राहते.

मृत्यू कसे तपासावेत?

एकेक करून. टीबीचे बरेचसे मृत्यू उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत होतात. म्हणजे माणूस उशिरा पोचला, किंवा पोचला तेव्हा तो किती गंभीर आहे हे कुणी पाहिलं नाही. तमिळनाडूने एप्रिल २०२२ पासून यावर साधा उपाय सुरू केला: निदान होताच माणूस किती खंगलाय, त्याला धाप लागते का, आधाराशिवाय उभं राहता येतं का, हे बघायचं आणि गंभीर असेल त्याला लगेच दाखल करायचं. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर एवढ्यावर हे जमतं. आपल्या जिल्ह्यात निदानाच्या दिवशी असं काही होतं का, हा प्रश्न मी आवर्जून विचारेन.

निक्षयवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण दहा-वीस कार्डं हातात घेऊन ताडून पाहावेत. प्रयोगशाळेची वही, उपचारांचं कार्ड आणि पोर्टल, तिन्ही ठिकाणी एकच माणूस शोधायचा.

मी सगळ्यात आधी वजनाचा रकाना बघतो. एकदा एका कार्डावर सहाही महिने ४२ किलो लिहिलं होतं. एकाच शाईत, एकाच हाताने. टीबीचा माणूस बरा होत असेल तर त्याचं वजन वाढतं. सहा महिने ग्रॅमभर न हलणारं वजन म्हणजे काट्यावर कुणी उभंच राहिलेलं नाही. आणि हा नुसता कागदाचा प्रश्न नसतो. मोठ्या माणसाला ३५ ते ४९ किलोला रोज तीन गोळ्या लागतात, ५० ते ६४ किलोला चार. वजन घेतलं नाही तर वाढलेल्या वजनाला कमी औषध जातं. झारखंडमधल्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोषणाच्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्यांत मृत्यूचा धोका जवळपास ६१ टक्क्यांनी कमी होता. रुग्णाच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. कार्डावरचा तो एक रकाना मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो.

पोषणाचे पैसे मिळतात का, हे कसं बघायचं?

निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ‘१०० टक्के लाभार्थ्यांना दिले’ हे वाक्य पुरेसं नाही. पहिला हप्ता कितव्या दिवशी खात्यात पडला? भूक पहिल्याच आठवड्यात असते. बरा झाल्यावर एकदम आलेल्या पैशांचा उपचारांना उपयोग नसतो. ज्याचं बँकेत खातं नाही, आधार जोडलेलं नाही, अशांची यादी वेगळी मागा.

औषधरोधक टीबी?

तीन गोष्टी विचारा. निदान झालेल्यांपैकी किती जणांची औषधं लागू पडतात की नाही ही चाचणी झाली, रोधक निघाल्यावर योग्य उपचार किती दिवसांत सुरू झाले, आणि निकाल काय लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने सहा महिन्यांच्या नव्या गोळ्यांच्या उपचारपद्धतीला मंजुरी दिली. पूर्वी हेच उपचार वीस महिन्यांपर्यंत लांबायचे. तुमच्या जिल्ह्यात ती किती जणांना मिळतेय, हे समजून घ्या.

आमची ग्रामपंचायत ‘टीबीमुक्त’ जाहीर झाली. म्हणजे गावात टीबी नाही?

तसा अर्थ नाही. २०२३ पासूनच्या या उपक्रमात सहा निकष आहेत: हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी, हजारी १ किंवा त्याहून कमी रुग्ण, ८५ टक्क्यांवर उपचार यशस्वी, किमान ६० टक्के रुग्णांची औषधं लागू पडतात की नाही ही चाचणी, सगळ्यांना पोषणाचे पैसे आणि सगळ्यांना पोषण आहार. पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा गांधीजींचा पुतळा, सलग दोन वर्षांना रुपेरी, तीनला सोनेरी.

उपक्रम चांगला आहे. सरपंच टीबीबद्दल बोलायला लागले, हे मला मोठं वाटतं. पण दुसऱ्या निकषात एक धोका आहे. दीड हजार वस्तीच्या गावात दुसरा रुग्ण सापडला की पुतळा हुकतो. अशा वेळी आशाताईला ‘पुढच्या वर्षी नाव घाल’ असं कुणी सुचवलं, तर तिने काय करावं? पडताळणी पथकाने गावातली तीस-तीस नावं उचलून त्या माणसांना प्रत्यक्ष विचारावं, ‘तुमचा बेडका खरंच घेतला होता का?’

जिल्ह्याला कांस्यपदक मिळालं, ते कशावरून?

ते वेगळं आहे. २०१५ च्या तुलनेत रोग २० टक्क्यांनी घटला तर कांस्य, ४० ला रौप्य, ६० ला सुवर्ण आणि ८० टक्क्यांना ‘टीबीमुक्त’ दर्जा. जिल्हा दावा करतो, मग बाहेरची पथकं निवडक गावांत आणि वॉर्डांत घरोघरी जातात, औषधविक्रीचे आकडे आणि खाजगी डॉक्टरांची मतं घेतात, निक्षयशी ताळा करतात. जिल्ह्याने स्वतःच स्वतःला गुण दिलेले नसतात, म्हणून याला मी जास्त मान देतो.

२०२५ पर्यंत टीबी संपवायचं ठरलं होतं. काय झालं?

उद्दिष्ट होतं २०१५ च्या तुलनेत नवे रुग्ण ८० टक्के आणि मृत्यू ९० टक्के कमी करण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, भारतात दर लाखामागे नव्या रुग्णांचं प्रमाण २०१५ मध्ये २३७ होतं, २०२४ मध्ये १८७ झालं. म्हणजे सुमारे २१ टक्के घट. मृत्यू लाखामागे २८ वरून २१ वर आले. जगाच्या सरासरीपेक्षा ही घट बरी आहे, उद्दिष्टापासून मात्र फार दूर आहे. दोन्ही वाक्यं एकत्र बोलायला हवीत. जाहिरातीत पहिलं असतं आणि टीकेत दुसरं, आणि दोन्हीकडे आमच्या आशाताईंचं काम झाकलं जातं.

औषधं नाहीत म्हणून रुग्णाला परत पाठवलं, हे कुठे दिसतं?

टक्केवारीच्या तक्त्यात दिसत नाही. औषध भांडाराची साठा नोंदवही बघा. शिल्लक शून्य असलेले दिवस मोजा. २०२४ मध्ये पुरवठा अडखळला तेव्हा राज्यांना स्थानिक खरेदी करावी लागली होती. तेव्हा तुमच्या जिल्ह्याने किती दिवसांत खरेदी केली?

एकाच दिवसाची भेट द्यायची आहे. कुठे जावं?

सकाळी प्रयोगशाळेत जा, वही उघडा आणि दोन महिन्यांपूर्वीची पाच पॉझिटिव्ह नावं उतरवून घ्या. दुपारपर्यंत उपकेंद्रात त्यांची कार्डं शोधा. मग आशाताईला सोबत घेऊन, रुग्णाची आधी परवानगी घेऊन, त्यातल्या दोन-तीन घरी जा. गाडी लांब उभी करा. सरकारी गाडी दारात लागली की गावभर चर्चा होते. मुलगी लग्नाची असेल तर घरच्यांना ते फार जड जातं. रुग्णाला गोळ्यांची पट्टी दाखवायला सांगा. चूल बघा. घरातल्या लहान मुलांची तपासणी झाली का, त्यांना टीबी होऊ नये म्हणून औषध सुरू झालं का, ते विचारा. निदान व्हायच्या आधी किती डॉक्टर झाले आणि किती पैसे गेले, हेही विचारा. वर्षाच्या कमाईच्या पाचव्या हिश्शाहून जास्त गेले असतील तर त्या घराचं कंबरडं मोडलंय, असं जागतिक मोजमापही मानतं. आणि पाचातलं एखादं नाव कुठेच सापडलं नाही, कार्ड नाही, घर नाही, फोन बंद, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी त्याचा शोध घ्या.